शाळेसमोर ताशी ३०: वाचकांचे प्रश्न, वाहतूक अभियंत्याची उत्तरे

जून उजाडला की शाळेसमोरच्या ताशी ३० किलोमीटर वेगमर्यादेवर पत्रे येतात. त्यातली काही.

प्रश्न: शाळा सुटल्यावर, सुट्टीच्या दिवशीही ही मर्यादा पाळायची का?

बोर्डावर वेळा लिहिल्या असतील तर त्या वेळांपुरती. नसतील तर चोवीस तास.

प्रश्न: शाळेजवळ वेग मोडला तर दुप्पट दंड, असा मेसेज फिरतोय. खरे का?

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ मध्ये शाळेसाठी वेगळा दर नाही. कारला १,००० ते २,००० रुपये, रस्ता कुठलाही असो. चलान आले असेल तर फॉरवर्ड वाचत बसू नका, वाहतूक शाखेत विचारा.

प्रश्न: आता गाड्यांना एबीएस असते. मग ३० ची मर्यादा जुनाट नाही झाली?

हा प्रश्न दरवर्षी येतो आणि विचारणारे बहुधा पालकच असतात. एबीएसमुळे करकचून ब्रेक मारला तरी चाके जाम होत नाहीत, गाडी वळवता येते. तुमचा पाय काही चपळ होत नाही. मूल दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद धरा. मोबाइल वाजत असेल तर जास्त. ताशी ५० ने तेवढ्यात गाडी १४ मीटर पुढे जाते आणि ब्रेक तर अजून लागायचाच असतो. ताशी ३० ची गाडी कोरड्या रस्त्यावर साधारण त्याच अंतरात पूर्ण थांबते. म्हणजे ३० वाला जिथे मुलाच्या पुढ्यात थांबतो, तिथे ५० वाला वेग जराही कमी न होता धडकतो. पावसात दोघांनाही जास्त अंतर लागते, आणि आपल्याकडे शाळा उघडतात त्या पावसातच.

मूल येते कुठून? गेटसमोर दुहेरी रांगेत उभ्या गाड्यांच्या फटीतून. दुसरीतले पोर बोनेटच्या वर जेमतेम डोके काढते. समोरून येणारी गाडी किती वेगात आहे, याचा अंदाज त्या वयात येत नाही. आणि ती रांग लावतो कोण? ‘दोनच मिनिटं’ म्हणणारे आपणच. आधी गाडी कोपऱ्यापलीकडे लावा, पोराला हात धरून आणा, मग एबीएसवर बोलू.

प्रश्न: मुलगा १६ वर्षांचा आहे, ११० सीसी स्कूटरने शाळेत जातो. हळूच चालवतो. चालेल ना?

नाही. त्या वयात परवाना मिळतो तो ५० सीसीपर्यंतच्या विनागिअर गाडीचा. कलम १९९अ खाली पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. प्रकरण आधीच झाले असेल तर वकील गाठा.

प्रश्न: सोसायटीच्या वर्गणीतून शाळेसमोर रबरी गतिरोधक बसवतोय. विक्रेता ‘सरकारमान्य’ म्हणतो.

बसवू नका. इंडियन रोड्स काँग्रेस, म्हणजे रस्त्यांची मानके ठरवणारी संस्था, तिच्या मापाचा गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. गाडी त्यावरून साधारण २५ च्या वेगाने न आदळता जाते. विक्रेत्याची अरुंद पट्टी दुचाकीवाल्याला उडवते, आणि बोल्ट निघाले की खिळे रस्त्यावर. शिवाय सार्वजनिक रस्त्यावर ना गतिरोधक सोसायटीने बसवायचा, ना वेगमर्यादेचा बोर्ड. पालिकेचा रस्ते विभाग आणि वाहतूक शाखा, दोन्हीकडे लेखी अर्ज द्या. पोच घ्या.