आधी बहिणीला सांग

“मावशी, मी राजारामपुरीत राहते, वय ४२. गेल्या वर्षी कॅन्सरमुळं डावं स्तन काढलं. केमो, रेडिएशन झालं, आता रोजची गोळी सुरू आहे. मिस्टरांनी सगळ्यांना गर्भपिशवीचं ऑपरेशन म्हणून सांगितलंय. दिवा मालवल्याशिवाय ते खोलीत येत नाहीत. हळदी-कुंकवाला गेले तरी सारखा हात पदरावर जातो, आतला कापूस सरकला तर? गडहिंग्लजच्या धाकट्या बहिणीलाही काही बोलले नाही, तिच्या मुलीला स्थळं बघताहेत. आईच्या वेळीही आम्ही असेच गप्प होतो, पोटात पाणी होऊन ती पन्नाशीच्या आत गेली. मिस्टरांना कसं समजावू?”

अगं, पत्रभर मिस्टरच आहेत. आई आणि बहिणीच्या वाट्याला शेवटी दोन ओळी आल्या, आणि मी तिथंच अडले.

आईच्या पोटात पाणी कशानं झालं होतं? लिव्हर, टीबी, कारणं बरीच असतात. पण अंडाशयाच्या कॅन्सरमध्येही पोटात पाणी होतं. स्तनाचा आणि अंडाशयाचा कॅन्सर काही घराण्यांत एकाच दोषातून येतात. बीआरसीए नावाची दोन जनुकं आहेत, त्यातल्या एकात बिघाड असला तर शंभरातल्या ६० हून जास्त बायकांना आयुष्यात कधीतरी स्तनाचा कॅन्सर होतो. असा आनुवंशिक प्रकार स्तनाच्या एकूण कॅन्सरमध्ये शंभरात पाच-दहाच असतो, त्यामुळं तुमच्या घरात तो आहेच असं मी म्हणत नाही. पण चाळिशीच्या आसपास तुला झाला आणि आई तशी गेली, एवढ्यावर डॉक्टर नक्की तपासायला सांगतील. ही रक्ताची तपासणी आधी जिला आजार झालाय तिची करतात. आई राहिली नाही. म्हणजे ती तूच. तुझ्यात दोष सापडला तर बहिणीत, भावात, तुझ्या मुलांत तो असायची शक्यता निम्मी. बापाकडूनही तो पुढं जातो.

आणि नाही सापडला तरी बहीण सुटत नाही. सख्ख्या बहिणीला झाला की आपला धोका साधारण दुप्पट होतो. घरात जिला ज्या वयात निघाला त्याच्या दहा वर्षं आधीपासून तपासण्या सुरू करा, असं डॉक्टर सांगतात. मग तुझ्या बहिणीनं तिशी ओलांडली तेव्हाच सुरुवात करायला हवी होती. अंडाशयाचं तर आणखी अवघड. तो लवकर पकडणारी खात्रीची तपासणीच नाही, म्हणून आपल्या रक्तात काय आहे हे आधी कळलेलं बरं.

मिस्टरांनी लोकांना खोटं सांगितलं म्हणून तू चिडलीस. बहिणीला तू काय सांगितलंस? तिच्या मुलीचं लग्न ठरेपर्यंत थांबणार, मग साखरपुडा, मग लग्न, मग बाळंतपण. आईच्या वेळी गप्प बसलात म्हणून आज तिच्या आजाराचं नावही तुला ठाऊक नाही. तेच आता भाचीच्या वाट्याला देऊ नकोस. स्थळाच्या माणसांना काय आणि कधी सांगायचं ते तुम्ही दोघी मिळून ठरवा. बहिणीपासून मात्र एक दिवसही लपवू नकोस.

तुझा तो पदरावर जाणारा हात वाचून माझ्या पोटात तुटलं. कापूस टाकून दे. सिलिकॉनचं कृत्रिम स्तन आणि ते ठेवायला खिसा शिवलेली ब्रा मिळते, तुझ्या दवाखान्यातल्या सिस्टरना विचार. वर्षभर हे सगळं तू एकटीनं सोसलंस, मनातलं बोलायला एक बाईमाणूस जवळ नाही. सख्खी बहीण तासा-दोन तासांवर असताना! दिव्याचं, कापसाचं, रात्री रडू येतं ते, हे मिस्टरांना आज समजणार नाही. तिला एका वाक्यात समजेल. मिस्टरांचं नंतर बघू, ते घाबरलेत की आणखी काही, ते पत्रावरून मला कळत नाही.

या रविवारी स्टँडवर जा आणि गडहिंग्लजची एसटी पकड. फोनवर सांगू नकोस. बायोप्सीचा रिपोर्ट आणि सगळी फाईल पिशवीत घाल, म्हणजे तिच्या डॉक्टरांना दाखवता येईल. आईचे जुने कागद तिच्याकडं माहेरच्या ट्रंकेत असतील तर दोघी मिळून शोधा. मिस्टरांची परवानगी मागत बसू नकोस. निघताना सांग, बहिणीकडं चाललेय, आणि कशासाठी तेही सांग.