आधुनिक काळात अरब शास्त्रज्ञांनी आणि अभियंत्यांनी नेमकं काय काम केलं आहे?

तुम्ही विचारलंय, की मध्ययुगीन प्रकाशशास्त्रज्ञ इब्न अल्-हैथमपर्यंतचा इतिहास सगळीकडे वाचायला मिळतो, पण अलीकडच्या अरब शास्त्रज्ञांनी काय केलं? शिवाय नुसती नावं नकोत, काम समजावून हवंय. ते योग्यच आहे. म्हणून मी मोजकीच माणसं घेतो.

सुरुवात मोहम्मद अटाला यांच्यापासून करतो, कारण हे उत्तर तुम्ही ज्या फोनवर वाचताय त्याच्या चिपमधले अब्जावधी ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेचे सूक्ष्म स्विच, त्यांच्या कामाचे वारस आहेत. जन्म १९२४, इजिप्तमधल्या पोर्ट सैदचा. कैरोत पदवी, अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात यांत्रिकी अभियांत्रिकीत डॉक्टरेट आणि १९४९ पासून बेल लॅब्ज ही अमेरिकी टेलिफोन कंपनीची संशोधनशाळा.

सिलिकॉनवर धातूची पट्टी ठेवून तिला दिलेल्या विद्युतदाबाने आतला प्रवाह चालू-बंद करायचा होता. अडचण अशी होती. सिलिकॉनच्या स्फटिकात प्रत्येक अणू चार शेजाऱ्यांना धरून असतो. चकती कापली की पृष्ठभागावरच्या अणूंचे काही हात मोकळे राहतात आणि ते इलेक्ट्रॉन पकडून ठेवतात. मग वरच्या धातूच्या पट्टीला कितीही विद्युतदाब द्या, त्याचा परिणाम त्या अडकलेल्या इलेक्ट्रॉनांवरच जिरतो, आत पोहोचत नाही. बेल लॅब्जमधलेच भौतिकशास्त्रज्ञ शॉकली यांचा १९४५ मधला प्रयत्न याचमुळे फसला होता.

सिलिकॉनवर ऑक्साइडचा थर चढवता येतो हे बेल लॅब्जमध्येच फ्रॉश आणि डेरिक यांनी आधी दाखवलं होतं. अटाला यांच्या गटाने त्या थराकडे पृष्ठभागाचं औषध म्हणून पाहिलं. आधी चकती नीट स्वच्छ करायची, मग क्वार्ट्झच्या नळीच्या भट्टीत साधारण ९०० ते १२०० अंश सेल्सिअसला ऑक्सिजन किंवा वाफ सोडायची. हा थर बाहेरून लेप दिल्यासारखा बसत नाही, तो सिलिकॉन खाऊनच वाढतो: १०० नॅनोमीटर ऑक्साइडसाठी सुमारे ४५ नॅनोमीटर सिलिकॉन खर्ची पडतं. म्हणजे जुना मळका पृष्ठभाग उरतच नाही, नवा जोड आतल्या शुद्ध सिलिकॉनमध्ये तयार होतो. मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते. आजच्या पद्धतीत शेवटी ४०० ते ४५० अंशांना हायड्रोजनमिश्रित वायूत चकती तापवतात आणि उरलेसुरले मोकळे हात हायड्रोजन धरतो. नीट जमलं तर पृष्ठभागावरच्या लाखभर अणूंमागे एखादाच सदोष राहतो.

याच थरावर धातूची पट्टी चढवून अटाला आणि त्यांचे कोरियन सहकारी डावॉन कांग यांनी मॉसफेट हा नव्या प्रकारचा ट्रान्झिस्टर बनवला आणि १९६० मध्ये तो जाहीर केला. पण तो लगेच बाजारात चालला नाही. कारण सोडियम. घामातलं, रसायनांतलं, भट्टीच्या नळीतलं किंचित मीठही ऑक्साइडमध्ये शिरतं. सोडियमचा धनभारित आयन गरम झाल्यावर तिथे सहज सरकतो. पट्टीवर धन दाब असला की तो सिलिकॉनच्या बाजूला ढकलला जातो आणि ट्रान्झिस्टर चालू होण्याचा दाब दिवसेंदिवस खाली घसरतो. सकाळी बरोबर चाललेलं सर्किट संध्याकाळी चुकतं. हा दोष ओळखायची रीत सोपी आहे: धारकता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) विरुद्ध दाब असा आलेख काढा, पट्टीला धन दाब देऊन सुमारे २०० अंशांना काही मिनिटं तापवा, दाब तसाच ठेवून थंड करा आणि पुन्हा आलेख काढा. वक्र डावीकडे सरकला तर सोडियम आहे. हे कोडं सुटायला १९६० चं दशक बरंचसं गेलं, आणि ते इतरांनी सोडवलं.

अटाला पुढे सुरक्षेकडे वळले. १९७० च्या दशकात त्यांनी बँकांसाठी एटीएमचा पिन तपासणारी बंद पेटी बनवली. त्याच क्षेत्रात कैरोचे ताहेर एलगमाल यांनी १९८५ मध्ये स्वतःची कूटलेखन आणि डिजिटल सहीची पद्धत मांडली. पुढे नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत वेबवरचा व्यवहार सुरक्षित करणाऱ्या एसएसएलच्या कामात ते अग्रभागी होते. त्यांच्या सहीच्या पद्धतीत दर वेळी एक नवी गुप्त यादृच्छिक संख्या लागते. तीच संख्या दोन सह्यांना वापरली, तर दोन समीकरणांतून आधी ती संख्या आणि मग सही करणाऱ्याची गुप्त खासगी किल्लीच बाहेर येते. अशा सह्या वापरताना आजही सगळ्यात आधी तपासायची जागा हीच.

अहमद झेवैल (दमनहूर, इजिप्त, रसायनशास्त्राचं नोबेल १९९९) यांनी रेणूतला रासायनिक बंध तुटताना पाहिला. एक लेझर स्पंद रेणूला धक्का देतो, दुसरा थोड्या वेळाने त्याची स्थिती वाचतो. 'थोडा वेळ' म्हणजे फेमटोसेकंद, सेकंदाच्या अब्जांशाचा दशलक्षांश. एवढा उशीर मोजणारं घड्याळ नाही, म्हणून अंतर मोजायचं: आरसा १५ मायक्रोमीटर मागे सरकवला की जाऊन-येऊन ३० मायक्रोमीटर वाढतात, म्हणजे बरोबर १०० फेमटोसेकंद. आयोडीन सायनाइडमधला बंध सुमारे २०० फेमटोसेकंदांत तुटतो हे असंच कळलं. यात फसगत दोन ठिकाणी होते. आरसा सरकताना झोत किंचित बाजूला गेला तर दोन्ही ठिपके एकमेकांवर पडत नाहीत, संकेत कमी होतो आणि माणूस त्यालाच रसायन समजतो. दुसरं म्हणजे काच. काचेत लाल रंग पुढे जातो, निळा मागे राहतो आणि आखूड स्पंद पसरतो. तो प्रिझमच्या जोडीने परत आवळावा लागतो.

आता ओमर याघी. जन्म १९६५, अम्मान, पॅलेस्टिनी निर्वासितांचं घर. २०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना कितागावा आणि रॉबसन यांच्यासोबत मिळालं. धातूचे गठ्ठे सांध्यासारखे आणि सेंद्रिय रेणू काठ्यांसारखे जोडून त्यांनी पोकळ स्फटिक बांधले. त्यांना मॉफ म्हणतात. १९९९ च्या मॉफ-५ मध्ये जस्त आणि टेरेफ्थॅलिक आम्ल आहे. एका ग्रॅममध्ये आतला पृष्ठभाग सुमारे २,९०० चौरस मीटर. पण दमट हवेत जस्त-ऑक्सिजनचे बंध पाण्याने तुटतात आणि स्फटिक ढासळतो. म्हणून पाणी गोळा करायला झिर्कोनियम आणि फ्युमेरिक आम्लाचा मॉफ-८०१ वापरला, तो पाण्यात टिकतो.

रात्री यंत्र उघडं ठेवायचं, मॉफ हवेतली वाफ धरतो. सकाळी झाकण लावून उन्हात तापवायचं, वाफ सुटते आणि थंड पत्र्यावर पाणी जमतं. चुका ठरलेल्या आहेत: भुकटीचा थर जाड झाला तर आतल्या दाण्यांपर्यंत हवा पोहोचत नाही, आणि पत्र्यावर ऊन आलं तर वाफ सुटूनही थेंब जमत नाही.

या यंत्रांचे आकडे वाचताना जपा. २०१७ मध्ये एका किलो मॉफमागे दिवसाला २.८ लिटर असा आकडा छापून आला. मॉफ-८०१ एका फेरीत स्वतःच्या वजनाच्या साधारण पाव भागाइतकं पाणी धरतो, म्हणजे रात्र-दिवसाच्या एका फेरीत जास्तीत जास्त पाव लिटर. २.८ लिटरसाठी दिवसात अकरा-बारा फेऱ्या हव्यात. २०१९ मध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या मॉफ-३०३ ने खरोखरच जलद फेऱ्या करून अमेरिकेतल्या मोहावे वाळवंटात, १० टक्क्यांइतक्या कमी आर्द्रतेतही, किलोमागे दिवसाला ०.७ लिटर दिलं. मला हा लहान आकडा जास्त मोलाचा वाटतो, कारण तो वाळवंटात मोजलेला आहे.