चहा अर्ध्यावर सोडून ते गाडीत जाऊन बसले

प्रश्न : ताई, मुलगी शिकायला बाहेर गेली आणि आमच्यातलं बोलणंच संपलं. बदल म्हणून मोरोक्कोला गेलो. माराकेशहून सहाराच्या कडेच्या मर्झुगा गावाला जाताना एका अमाझिग (तिथले मूळ रहिवासी, बर्बर) कुटुंबानं चहाला बोलावलं. ‘हे काहीतरी गळ्यात मारणार’ म्हणत हे मध्येच उठले. यजमानीणबाईंसमोर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हापासून अबोला आहे. वेगळं व्हावं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : माराकेशच्या बाजारात विक्रेते पाठ सोडत नाहीत, तेव्हा त्यांचा संशय अगदीच निराधार नव्हता. त्यात 2,260 मीटर उंचीवरचा तिझी न तिश्का घाट आणि सहारापर्यंतचा दिवसभराचा रस्ता. गाडी तेच चालवत असतील तर शिणलेही असतील. पण तिथला पुदिन्याचा चहा घाईचा नसतो. किटली उंच धरून ग्लास भरतात, रिकामा झाला की पुन्हा भरतात. तुम्ही बसलात, ते योग्यच केलंत.

मला राग आहे तो त्यांनी तुम्हाला परक्या घरात न विचारता एकटं सोडल्याचा. घरीही बोलणं अवघड झालं की ते असेच उठून जातात का? तसं असेल तर दुखणं मोरोक्कोच्या आधीचं आहे. चहाचा वाद उकरू नका. ‘तिथे मी एकटी पडले’ एवढंच सांगा आणि त्यांना पूर्ण बोलू द्या. ऐकलं तर दोघं मिळून विवाह समुपदेशकाकडे जा. पुन्हा उठून गेले, तर तुम्ही एकट्या जा. वेगळं होण्याचं त्यानंतर ठरवा.