गावाकडचा अरुंद रस्ता रुंद केल्याने अपघात खरोखर कमी होतात का?

कमी होतात, पण केवळ डांबराची रुंदी वाढवून नव्हे. बसची रुंदी साधारण २.५ मीटर असते, त्यामुळे ३.७५ मीटरच्या एकपदरी रस्त्यावर दोन बस समोरासमोर आल्या की एकीला चाके कडेला उतरवावीच लागतात, आणि साइडपट्टी खचलेली असेल तर गाडी तिथेच कलंडू शकते. म्हणूनच भक्कम साइडपट्ट्या मला रुंदीइतक्याच महत्त्वाच्या वाटतात. शिवाय रुंद रस्त्यावर वेग वाढतो, आणि वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतर थांबायला लागणारे अंतर सुमारे चौपट होते. त्यामुळे वळणावरची झुडपे न काढता, अरुंद मोऱ्या तशाच ठेवून केलेले रुंदीकरण उलट धोका वाढवते. शाळेपाशी पायी चालणाऱ्यांसाठी वेगळी वाट आणि गतिरोधक मूळ आराखड्यातच असले पाहिजेत.