६ व्होल्टच्या जुन्या फार्गोला अल्टरनेटर बसवायचा, पण बॉनेट उघडल्यावर दिसू द्यायचा नाही. कसं करावं?

तुमचा प्रश्न असा आहे: मुलुंडला आजोबांचा १९५४चा फार्गो पिकअप आहे, ६ व्होल्ट, पॉझिटिव्ह अर्थ (म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं). संध्याकाळी एलबीएस मार्गावर सिग्नलला थांबलं की हेडलाइट पिवळे पडतात आणि दोन-तीन फेऱ्यांत बॅटरी बसते. अल्टरनेटर हवाय, पण गाडी आजोबांच्या वेळची दिसायला हवी.

मी कुर्ल्यात तीस वर्षं ऑटो इलेक्ट्रिकचा गाळा चालवला. डॉज आणि फार्गो इथेच, प्रीमियरच्या कारखान्यात जोडले जायचे, त्यामुळे या गाड्यांवर माझा जीव आहे. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

अल्टरनेटर आणायच्या आधी बॅटरीच्या केबल बघा. तेवढ्याच वॅटसाठी ६ व्होल्टला १२च्या दुप्पट करंट लागतो, म्हणून मूळ केबल चांगल्या जाडजूड असायच्या. मधल्या काळात कुणीतरी दुकानातली १२ व्होल्टची तयार केबल लावलेली असते, आणि निम्मी तक्रार तिथूनच सुरू होते. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर आणि दुसरी इंजिनच्या ब्लॉकवर धरा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. पाव व्होल्टहून जास्त दिसलं तर अर्थिंग खराब आहे. चॅसीवरचा रंग खरवडून, जाड केबल टाकून पुन्हा बघा. मग डायनॅमो (बॅटरी चार्ज करणारं मूळ यंत्र, ज्याच्या जागी अल्टरनेटर येतो) उघडा, कार्बन घासलेत का बघा, कम्युटेटर (कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याचा गोल भाग) काळा पडला असेल तर लेथवर हलका हात मारून घ्या. या दुरुस्तीनंतर इंजिन सुरू करण्याआधी कटआऊटवरच्या (डायनॅमो आणि बॅटरी यांना आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच) बॅटरी आणि आर्मेचर या दोन टर्मिनलांना वायरचा क्षणभर स्पर्श द्यायचा, म्हणजे डायनॅमो पॉझिटिव्ह अर्थची दिशा धरतो. हे राहिलं तर तो उलटा चार्ज करतो आणि कटआऊटचे पॉइंट जळतात.

एवढं करून तुम्ही फक्त रविवारी सकाळी गाडी काढणार असाल, तर माझं मत स्पष्ट आहे: डायनॅमोच ठेवा. टेललाइटला ६ व्होल्टचे एलईडी बल्ब लावा, लोड तेवढा कमी होईल.

पण तुम्ही संध्याकाळच्या गर्दीत, पावसात गाडी चालवता, आणि तिथे डायनॅमो कमी पडतो तो त्याच्या घडणीमुळे. त्यात सगळा करंट फिरत्या आर्मेचरमध्ये तयार होतो आणि कार्बनमधूनच बाहेर येतो. म्हणून त्याला फार वेगाने फिरवता येत नाही आणि पुली मोठी ठेवावी लागते. मग आयडलला, म्हणजे गाडी थांबून इंजिन हळू चालू असताना, व्होल्टेज इतकं पडतं की कटआऊट सुटतो आणि दिवे निव्वळ बॅटरीवर चालतात. अल्टरनेटरमध्ये मोठा करंट बाहेरच्या, न फिरणाऱ्या गुंडाळीत तयार होतो. कार्बनमधून जातात ते फील्डचे, म्हणजे आतलं चुंबक तयार करणाऱ्या गुंडाळीचे, दोन-चार अँपिअर. म्हणून लहान पुली लावून तो वेगात पळवता येतो आणि सिग्नललाही चार्जिंग मिळतं. फार्गो ज्या क्रायस्लरची, त्याच कंपनीने १९६०च्या व्हॅलियंटला अल्टरनेटर मूळचाच दिला होता. म्हणजे तुम्ही त्याच घराण्याची पुढची पायरी चढताय, यात गाडीचा अपमान नाही.

पॉझिटिव्ह अर्थचा ६ व्होल्ट अल्टरनेटर परदेशातून मागवता येतो, अगदी डायनॅमोच्या आकाराचासुद्धा. पण पावसाळ्यात तो बंद पडला तर कुर्ल्यात त्याचा डायोड (आतला एसीचा डीसी करणारा भाग) कुणाकडे मिळणार? म्हणून मी १२ व्होल्ट, निगेटिव्ह अर्थच सुचवेन. छोट्या मारुतीचा अल्टरनेटर पुरतो. दोन हेडलाइट, टेल, इग्निशन आणि वायपर मिळून वीस-बावीस अँपिअरच्या आसपास जातात. ९० अँपिअरचा आणलात तर जुना पट्टा आणि जुनं वायरिंग विनाकारण ताणात येईल.

१२ व्होल्ट केल्यावर सगळे बल्ब, फ्लॅशर आणि इग्निशन कॉइल बदला, आणि कॉइलच्या दोन बारीक वायरींची अदलाबदल करा. पेट्रोलच्या मीटरला व्होल्टेज कमी करणारा रेग्युलेटर डॅशमागे लपवा, नाहीतर मीटर जळेल. हॉर्नही १२चा हवा. ६ व्होल्टचा सेल्फ १२वर जोरात फिरतो, तो चालेल, मात्र बटण दोन-तीन सेकंदांहून जास्त दाबून ठेवू नका. जुना व्हॉल्व्हचा रेडिओ असेल तर त्याची वायर काढून ठेवा. आणि बॅटरी जोडताना निगेटिव्हच बॉडीला जातंय हे दोनदा बघा, उलट जोडलीत तर अल्टरनेटरचे डायोड त्याच क्षणी जातात.

आता लपवण्याबद्दल. मेलेल्या डायनॅमोचं कवच पोकळ करून त्यात अल्टरनेटर कोंबायची कल्पना सगळ्यांनाच सुचते. माझ्याकडे असं केलेला एक पिकअप आला होता. दिसायला अप्रतिम, पण हवेला वाट नव्हती, आणि घाट चढेपर्यंत डायोड जळाले. तो मोह सोडा. बॉनेट उघडल्यावर नजर आधी जाते ती फायरवॉलवरच्या कटआऊटच्या काळ्या डबीवर आणि कापडी वायरींवर. त्या दोन गोष्टी जपल्या की अल्टरनेटरकडे कुणाचं लक्ष जात नाही. त्याला मूळ ब्रॅकेटमध्ये बसवा आणि फक्त कवचाला काळा रंग द्या. जाळ्यांवर आणि पंख्याच्या पात्यांवर रंगाचा थर नको.

कटआऊटची डबी रिकामी करू नका. तीच आतून जोडणीची पेटी करा. झाकण काढून डबीतल्या कॉइलच्या वायरी सोडवा, आणि बॅटरी व आर्मेचर या टर्मिनलांमध्ये आतून जाड तांब्याची पट्टी लावा. अल्टरनेटरची जाड वायर आर्मेचरवर येईल. फील्डची जुनी वायर अल्टरनेटरच्या बारीक टर्मिनलला लावा, आणि त्याच फील्ड टर्मिनलवर डॅशखाली लपवलेल्या २ वॅटच्या छोट्या बल्बमधून इग्निशनचा करंट आणा. बाहेरून प्रत्येक वायर १९५४मध्ये होती तिथेच दिसेल. सोडवलेल्या वायरी कापायच्या नाहीत, टोकं झाकून आतच ठेवायच्या. उद्या कुणाला डायनॅमो परत लावावासा वाटला तर अर्ध्या दिवसात लागेल.

नवी वायर ६ चौरस मिलिमीटरची घ्या, लोहार चाळीत मिळेल. वर मोटार रिवाइंडिंगवाले वापरतात ती सुती नळी चढवून वार्निशचा हात द्या. वाळल्यावर ती जुन्या वायरीसारखीच दिसते. बॅटरीजवळ एक मोठा फ्यूज हवाच, तो बॅटरीच्या पेटीत लपतो.

अँपिअर मीटरमधून पूर्ण करंट जातो आणि जुन्या मीटरचे नट सैल असतात, तिथेच आग लागते. नट साफ करून घट्ट करा आणि मीटरच्या दोन टोकांना मागून एक जाड वायर समांतर जोडा. काटा कमी हलेल, पण दिशा खरी दाखवेल. अर्थ बदलल्यामुळे काटा उलटा गेला तर मीटरच्या वायरींची अदलाबदल करा.

आता पुली. मारुतीची पुली अरुंद पट्ट्याची असते आणि फार्गोचा पट्टा रुंद. डायनॅमोची पुली जशीच्या तशी बसवलीत तर व्यास मोठा राहील, अल्टरनेटर आयडलला हळू फिरेल आणि केलेला खर्च वाया जाईल. लेथवाल्याला सांगा: खाच जुन्या पट्ट्याच्या रुंदीची, पण व्यास इतका कमी की इंजिनच्या एका फेऱ्यात अल्टरनेटरचे निदान दोन फेरे व्हावेत.

सगळं जोडल्यावर हेडलाइट लावून, आयडलला, बॅटरीवर मल्टिमीटर धरा. १३.५ ते १४.४च्या मध्ये आकडा दिसायला हवा. आणि चार्जिंग बघण्यासाठी चालू इंजिनवर बॅटरीची केबल काढायची जुनी सवय कुणा मिस्त्रीला असेल, तर त्याला हात लावू देऊ नका. डायनॅमोला ते चालून जायचं, अल्टरनेटरचे डायोड आणि रेग्युलेटर व्होल्टेजच्या उसळीने जातात.

लेथवर जाण्याआधी क्रँकच्या पुलीचा व्यास मोजून आणि डायनॅमोवरच्या नाव-नंबरच्या पट्टीचा फोटो काढून इथे टाका. पुलीचं माप मी काढून देतो.