इजिप्शियन कापसाची चादर: नाव, धागा आणि पारख

प्रश्न : मुलीच्या लग्नासाठी चादरी घ्यायच्या आहेत. दुकानदार १००० थ्रेड काउंटची ‘इजिप्शियन कॉटन’ चादर दाखवतो. त्याच भावात दुसरीकडे ३०० काउंटची मिळते. कोणती घ्यावी? (जळगाव)

उत्तर : बाकी सगळे सारखे असेल तर ३०० ची घ्या. थ्रेड काउंट म्हणजे एका चौरस इंचातले उभे आणि आडवे धागे मिळून होणारी संख्या. १६० उभे आणि १४० आडवे असले की ३०० झाले. एकेरी, चांगल्या पिळाच्या सुताने ४०० च्या फार पुढे जायला जागाच उरत नाही. मग १००० येतात कुठून? बारीक, कमकुवत सूत दोन-दोन, चार-चार पदरांनी विणायचे आणि प्रत्येक पदर वेगळा मोजायचा. असे कापड जड होते, हवा खेळू देत नाही आणि आपल्याकडच्या मे महिन्यात अंगाला चिकटते. ‘सूत एकपदरी आहे की दुपदरी, आणि नंबर किती?’ असे दुकानात सरळ विचारा (नंबर जितका मोठा तितके सूत बारीक). ६० किंवा ८० नंबरचे एकपदरी, कोंब केलेले सूत असेल तर कापड चांगले. कोंबिंगमध्ये आखूड तंतू विंचरून काढले जातात, त्यामुळे कापडावर बोंडे, म्हणजे तंतूंच्या बारीक गोळ्या, कमी येतात.

विणही पाहा. साधी वीण, म्हणजे पर्केल, कोरडी आणि थंड लागते. सटीन चमकदार आणि मऊ असते, पण त्यात धागे मोकळे तरंगतात, म्हणून ती लवकर ओरखडते. खान्देशच्या उन्हाळ्यासाठी पर्केलच बरी.

आता ‘इजिप्शियन’ या नावाविषयी. खरी किंमत तंतूच्या लांबीची आहे. भारतात ३२.५ मिलिमीटरच्या वरच्या तंतूला (व्यापारात त्यालाच ‘धागा’ म्हणतात) अतिलांब म्हणतात. गिझा ४५ हे इजिप्तचे नावाजलेले वाण साधारण ३५-३६ मिलिमीटरचे आणि फार तलम, तर आपला बीटी कापूस २८ ते ३० चा. लांब तंतूंची टोके सुतात कमी येतात. म्हणून सूत गुळगुळीत होते, बळकट राहते आणि धुतल्यावर बोंडे धरत नाही. पण इजिप्तमध्ये पिकलेला सगळाच कापूस अतिलांब नसतो. वरच्या, म्हणजे दक्षिण इजिप्तमधली काही वाणे ३० च्या आसपासच आहेत. नाव खरे असूनही चादर साधी निघू शकते ती यामुळे.

घरी पारख करायची असेल तर कडेच्या दुमडीतून कापडाचे एक सूत (शिवणीचा दोरा नव्हे) ओढा, पीळ उलटा फिरवून उकला आणि सुईच्या टोकाने तंतू सुटे करा. काळ्या कागदावर ते सरळ ठेवून सर्वांत लांब चार-पाच तंतू मोजा. कताईत काही तंतू तुटतात, त्यामुळे सरासरी काढण्यात अर्थ नाही, लांबातला लांब किती ते पाहा. तेही २८ च्या पुढे जात नसतील तर अतिलांब धाग्याचा दावा विसरा. जाळून पाहण्याने फक्त पॉलिस्टर ओळखता येते: त्याचा गोळा होतो, तर कापूस कागदासारखा जळून मऊ राख राहते. इजिप्तचा आणि जळगावचा कापूस दोन्ही सारखेच जळतात.

नव्या चादरीचा हातातला मऊपणा पुष्कळदा सिलिकॉनच्या लेपाचा असतो आणि काही धुण्यांत निघून जातो, म्हणून त्यावर भाव ठरवू नका. कॉटन इजिप्त असोसिएशन या, ‘इजिप्शियन कॉटन’ नावाचा परवाना देणाऱ्या संस्थेचा शिक्का असेल तर उत्पादकाकडे परवाना आहे का ते विचारा, कारण नावाची भेसळ मोठ्या व्यापारातही होते. २०१६ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या दुकानसाखळीने भारतीय कारखान्याच्या सुमारे साडेसात लाख चादरी-अभ्र्यांत इजिप्शियन कापूस नव्हता असे जाहीर करून गिऱ्हाइकांना पैसे परत देऊ केले होते.

प्रश्न : हा कापूस मूळचा इजिप्तचाच का? (अमळनेर)

उत्तर : नाही. हा कापूस गॉसिपियम बार्बाडेन्स या जातीचा, आणि ती जात दक्षिण अमेरिकेची. १८२० च्या सुमारास जुमेल नावाच्या फ्रेंच माणसाला कैरोतल्या महो बे यांच्या बागेत लांब धाग्याची झाडे दिसली. राज्यकर्ता मुहम्मद अली याने ती लागवड नाईलच्या त्रिभुज प्रदेशात जोराने वाढवली. पुढे अमेरिकन यादवी युद्धात (१८६१-६५) इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना, तेव्हा इजिप्तचे भाव कडाडले. त्याच तेजीत आपल्याकडेही कापूस वाढला. मुंबई इलाख्यात १८६३ साली कापसातली भेसळ रोखायला कायदा करावा लागला, तो याच गडबडीतला.

प्रश्न : आमच्या काळ्या जमिनीत हा कापूस घेता येईल का? ठिबक आहे. (चोपडा)

उत्तर : घेऊ नका. जमीन चालेल, हवामान चालणार नाही. नाईलच्या खोऱ्यात पेरणी मार्च-एप्रिलच्या सुमारास होते, पाणी कालव्याचे, आणि बोंडे फुटताना पाऊस जवळपास नसतोच. आपल्याकडे मे महिन्यात लावलेल्या पूर्वहंगामी कापसाची बोंडे सप्टेंबरात फुटतात आणि परतीचा पाऊस त्यांची कवडी (डागाळलेला, नीट न उमललेला कापूस) करून टाकतो. शिवाय ही जात शेतात जास्त दिवस राहते, म्हणजे गुलाबी बोंडअळीला तितकीच मुदत मिळते. तुडतुडेही तिला आपल्या वाणांपेक्षा जास्त छळतात.

अतिलांब धागा भारतात होतो. १९७४ चे सुविन वाण सुजाता आणि सेंट व्हिन्सेंट या दोन वाणांच्या संकरातून आले, आणि सुजाता हीच इजिप्तच्या कर्नाक वाणातून निवडलेली. पण सुविन मुख्यतः तमिळनाडूत पिकते. तुम्हाला चांगला भाव हवा असेल तर पहिली-दुसरी वेचणी वेगळी ठेवा, पालापाचोळा आणि पोत्यांचे प्लॅस्टिकचे धागे येऊ देऊ नका आणि फरदड (हंगामानंतर तेच पीक शेतात राखून पुन्हा घेतलेला कापूस) टाळा. ‘हाताने वेचलेला’ हे इजिप्तच्या जाहिरातीतले भूषण आपल्या कापसाला तर नेहमीचेच आहे!

प्रश्न : महाग चादर दोन महिन्यांत ताठ झाली. बोअरचे पाणी वापरतो. (धुळे)

उत्तर : दोष पाण्याचा आहे. जड पाण्यातले क्षार साबणाशी मिळून धाग्यावर थर धरतात. कपडे धुण्याच्या साबणाऐवजी द्रव डिटर्जंट घ्या, टब कपड्यांनी अर्धाच भरा, पाणी ४० अंशांच्या वर नको, आणि एक धुवणी जास्त द्या. चार-पाच धुण्यांतून एकदा शेवटच्या पाण्यात अर्धा कप पांढरा व्हिनेगर घाला. ब्लीचबरोबर मात्र कधीही नको, विषारी वायू होतो. सॉफ्टनर बंद करा. टॉवेल पाणी शोषत नाही ही तक्रारही बहुधा त्याच्याच लेपाची असते. वाळवणे सावलीत, उलट्या बाजूने, आणि किंचित दमट असतानाच काढून इस्त्री. कडक उन्हात पूर्ण कोरडा झालेला कापूस ताठ होतोच.

फिटेड चादर घेताना आटण्याचा हिशेब धरा. ७८ इंच लांबीत ३ टक्के म्हणजे सव्वादोन इंचांहून थोडे जास्त जातात, आणि कोपरा सुटतो तो तिथेच.

प्रश्न : गादीत इजिप्तची रुई भरली तर? (शिरपूर)

उत्तर : पैसे वाया जातील. लांब, तलम तंतू एकमेकांत गुंतून दबतात आणि गाठी धरतात. गादीला जाड, आखूड, उसळी धरणारी देशी रुईच हवी. पिंजाऱ्याकडून दोन-तीन वर्षांनी पिंजून घेतली की तीच रुई पुन्हा फुगते. लांब धाग्याला खर्च करायचाच असेल तर अभ्र्यावर करा, गाल त्यालाच लागतो.