आधी चालून दाखवा

प्रश्न : सासरे ८१ वर्षांचे. महाधमनीची झडप अरुंद झाल्याने मांडीतून नळी घालून नवी बसवायचं ठरतंय. पण डॉक्टरांनी आधी त्यांना चालवलं, खुर्चीतून उठबस करायला लावली. ‘मी पर्वती चढणारा माणूस!’ म्हणत ते भडकलेत. याची गरज काय?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : भडकू द्या. पर्वती शेवटची कधी चढलात, तेवढं हळूच विचारा. इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) झडप दिसते, अंगातली शिल्लक ताकद दिसत नाही. नेहमीच्या चालीने पाच मीटरला ६ सेकंद किंवा जास्त लागले, किंवा हात न टेकता पाचदा उठायला १५ सेकंदांहून अधिक, तर धोका वाढलेला धरतात. जोडीला हिमोग्लोबिन, अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) आणि स्मरणशक्तीही तपासतात. निकाल कच्चा आला म्हणजे लगेच नकार नव्हे. कित्येकदा माणूस झडपेमुळेच मंदावलेला असतो. तारखेला वेळ असेल तर जेवणात डाळ, दही, अंडं वाढवा (मूत्रपिंडाचा त्रास असल्यास विचारून). व्यायाम मात्र स्वतःच्या मनाने अजिबात नको, अशा झडपेत भोवळ येते. आणि पुन्हा बोलावलं तर सपाता नकोत, रोजचे बूट घालून न्या.